आमच्या चौथीच्या वर्गात काय चाललंय : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी चौथीला शिकवते. हे प्रश्न गेल्या काही वर्षांत पालकांनी शाळेच्या दारात, बाजारात, फोनवर विचारलेले आहेत. बरेचसे दर जूनमध्ये पुन्हा येतात. उत्तरं २०२५-२६ च्या वर्गाला आणि सध्याच्या पुस्तकांना धरून आहेत. नवीन अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय, तेव्हा पुढे धडे बदलतील.

१. चौथीला विषय किती आणि कोणते?

पुस्तकाचे विषय मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास. परिसर अभ्यासाची पुस्तकं दोन असतात. भाग १ मध्ये विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र येतं. भाग २ म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. याशिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. या तिघांना लेखी पेपर नसतो, पण प्रगतिपत्रकात त्यांची श्रेणी येते.

२. पुस्तकं विकत घ्यायची का? मागच्या वर्षीची भावाची चालतील का?

आमच्या शाळेत पुस्तकं मोफत मिळतात. पुस्तक हरवलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं मोफत वाचायला असतात. मधली दोन वर्षं प्रत्येक धड्यानंतर वहीची कोरी पानं जोडलेली, चार भागांतली पुस्तकं होती. आता पुन्हा पूर्वीसारखी वेगळी पुस्तकं आणि वेगळ्या वह्या आहेत. भावाचं पुस्तक सरावाला घरी ठेवा, वर्गात नवीनच आणू द्या.

३. चौथीला हिंदी आहे का?

नाही. आमच्या वर्गाला मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत. हिंदी पाचवीपासून. पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावर २०२५ च्या उन्हाळ्यात बरंच रान पेटलं होतं. ते निर्णय जूनअखेर मागे घेतले गेले.

४. पोराला मराठी वाचता येतं, लिहिता येतं. मग मराठीच्या तासाला एवढं शिकवता तरी काय?

अक्षर ओळखून वाचणं तिसरीपर्यंत बहुतेकांना जमतं. चौथीत आम्ही वाचलेलं समजणं आणि स्वतःचं लिहिणं यांवर वेळ घालतो. उतारा वाचून "असं का झालं असेल?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, आणि ते उतारा जसाच्या तसा उतरवून मिळत नाही. जोडाक्षरं, विरामचिन्हं, नाम-सर्वनाम-क्रियापद यांची ओळख, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, कविता चालीवर म्हणणं, पत्र आणि छोटा निबंध हे सगळं वर्षभर चालू असतं.

घरी एकच करा. शाळेतून आल्यावर "काय शिकवलं?" असं विचारू नका, कारण त्याला "काही नाही" हेच उत्तर येतं. "आज कोण रुसलं? कोणाला हसू आलं?" असं विचारा. मूल चार-पाच वाक्यं सलग बोलतं. जे मूल सलग बोलतं ते पुढे सलग लिहितं, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

५. आमची मुलं "गेल्तो", "हाय", "न्हाई" असं बोलतात. शाळेत शुद्ध बोलायला लावता का?

बोलायला लावत नाही, लिहायला शिकवते. घरची बोली चुकीची नाही. मूल "मी रानात गेल्तो" म्हणतं तेव्हा त्याचं व्याकरण नीट आहे. फक्त पुस्तकात "मी शेतात गेलो होतो" असं छापलेलं असतं.

खरा घोटाळा शब्दाच्या अर्थाचा होतो. आपल्याकडे "रान" म्हणजे शेत. पुस्तकातल्या रानात मात्र वाघ असतो. मी नवीन होते तेव्हा एका मुलीनं "रानात वाघ राहतो" हे वाक्य वाचून दुसऱ्या दिवशी आजीबरोबर रानात जायला नकार दिला होता. तेव्हापासून मी फळ्यावर दोन रकाने करते, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. माळवं आणि भाजीपाला, कोरड्यास आणि कालवण, कवा आणि केव्हा. मुलं घरून शब्द गोळा करून आणतात. आजी-आजोबांना विचारायला आली तर मुलांना शब्द सांगा, "तसं म्हणू नये" असं म्हणून गप्प करू नका.

६. माझी मुलगी ६३ सांगितलं की ३६ लिहिते. तिला काही अडचण आहे का?

बहुतेक वेळा अडचण मुलीत नसून मराठी अंकांच्या नावांत असते. "त्रेसष्ट" ऐकताना आधी तीन ऐकू येतात, मग साठ. मूल ऐकलं त्या क्रमानं लिहितं. पंचवीस-बावन्न, सदुसष्ट-शहात्तर या जोड्यांतही हेच होतं. त्यात "एकोण" आलं की आणखी पंचाईत. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, हे ध्यानात आलं तर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत गाडी चालते. मग नव्व्याण्णव येतं आणि नियम मोडतो.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली होती. मी ती रीत कुबडीसारखी वापरते. अडणाऱ्या मुलाला आधी "साठ तीन" म्हणू देते, आणि लिहून झालं की "त्रेसष्ट" म्हणायला लावते. चौथीअखेर कुबडी सुटलेली असावी, कारण दुकानदार त्रेसष्टच म्हणणार आहे. घरी एस.टी.च्या तिकिटावरचे, गाडीच्या पाटीवरचे आकडे मोठ्यानं वाचून घ्या. सहा महिने असा सराव करूनही अंक आणि अक्षरं दोन्ही उलटी येत राहिली, तर मला भेटा. मग वेगळी तपासणी करून घेऊ.

७. वजाबाकी आम्ही शिकलो त्या रीतीनं का शिकवत नाही? घरी सांगितलं की पोरगं म्हणतं, "बाईंनी असं नाही सांगितलं."

४०२ वजा १६७ घ्या. आपल्यापैकी बरेच जण असं शिकले : दोनातून सात जात नाहीत, वर दहा दिले, बारातून सात गेले पाच. खाली एक हातचा दिला, सहाचे सात झाले. दहातून सात गेले तीन. पुन्हा खाली एक, एकाचे दोन. चारातून दोन गेले दोन. उत्तर २३५.

आता वर्गात आम्ही शंभराची एक नोट मोडतो. चार शतकांतलं एक सोडवलं की दहा दशक मिळतात. त्यातलं एक दशक सोडवलं की दहा एकक. वर राहतात ३ शतक, ९ दशक, १२ एकक. त्यातून १, ६ आणि ७ वजा केले की २३५च. दोन्ही रीती बरोबर आहेत. जुन्या रीतीत वर दहा आणि खाली एक का द्यायचं, हे मुलाला दिसत नाही. नोट मोडलेली मात्र दिसते. म्हणून घरी रीत शिकवू नका, शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपये देऊन १६७ रुपयांचं वाणसामान घ्यायला लावा.

८. अपूर्णांकात सगळी मुलं का अडतात?

कारण आम्ही शाळेत एकावर एक अंक लिहून सुरुवात करतो. मुलाला चतकोर भाकरी चौथीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असते. माझ्या वर्गात अपूर्णांकाचा पहिला तास भाकरीचा. एकाच भाकरीची अर्धी, मग चतकोर, आणि तीन चतकोर म्हणजे पाऊण. १/२, १/४, ३/४ ही त्यांचीच लिहिलेली नावं, हे त्यानंतर.

मराठीत अपूर्णांकांची जेवढी रोजची नावं आहेत तेवढी फार थोड्या ठिकाणी असतील. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन. मुलं यातही चुका करतात आणि त्या हुशारीच्या असतात. "साडेतीन आहे, मग साडेएक का नाही?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. दीड आणि अडीचची नावं स्वतंत्र आहेत, साडे तीनापासून सुरू होतं, एवढंच सांगते. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी हे कळलं की घड्याळही त्याच आठवड्यात सुटतं. मुलाला डेअरीवर दूध घालायला पाठवत असाल तर चौथीच्या मापनातलं लीटर-मिलिलीटर त्याचं निम्मं तिथंच होऊन जातं.

९. परिमिती आणि क्षेत्रफळ यांत गोंधळ होतो. सोपं कसं सांगू?

कुंपण आणि पेरणी. तार किती लागेल ती परिमिती, बी किती जागेत पडेल ते क्षेत्रफळ. आम्ही कबड्डीचं मैदान मोजतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. कडेनं चुना टाकायला ४६ मीटर चालावं लागतं, आणि आत १३० चौरस मीटर जागा असते. पुस्तकात चौथीला चौकोन मोजूनच क्षेत्रफळ काढायचं असतं, सूत्राची घाई नको.

शेतकरी घरातल्या मुलांचा प्रश्न ठरलेला : "बाई, गुंठा म्हणजे किती?" ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे पुस्तकात नाही, पण मी सांगते. एक कोडंही घालते. १० बाय १० मीटरचा वाफा आणि १५ बाय ५ मीटरचा वाफा, दोन्हींना तार सारखीच लागते, ४० मीटर. मग पीक सारखंच येईल का? एकात १०० चौरस मीटर, दुसऱ्यात ७५. यावर वर्गात भांडणं होतात आणि ती व्हायला हवीत. रात्री आजोबांकडे निवाड्याला आली तर त्यांनी लगेच उत्तर सांगू नये, काडीनं अंगणात आखून द्यावं.

१०. तिसरीला सातारा जिल्हा शिकून झाला. मग चौथीच्या भूगोलात काय उरलं?

तिसरीला आपला जिल्हा, चौथीला तो महाराष्ट्राच्या नकाशात ठेवून पाहणं. दिशा आणि उपदिशा, नकाशातल्या खुणा, जिल्हा आणि राज्य, दिवस-रात्र, वाहतूक, पाणी, नैसर्गिक आपत्ती असे धडे आहेत. आम्ही आधी वर्गाचा नकाशा काढतो, मग शाळेचा, मग गावचा.

जिल्ह्याचे अकरा तालुके मुलांनी पाठ केलेले असतात. चौथीत मी शेजारचे जिल्हे विचारते. उत्तरेला पुणे, पूर्वेला सोलापूर, दक्षिणेला सांगली, पश्चिमेला रत्नागिरी, आणि वायव्येला रायगड. हा वायव्येचा कोपराच उपदिशा शिकवून जातो. महाराष्ट्राचे जिल्हे ३६. घरातले मोठे ३५ सांगतात आणि पोरांशी वाद घालतात. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तेव्हा या वादात पोरं बरोबर आहेत.

पाण्याचा धडा आमच्या जिल्ह्याइतका दुसरीकडे कुठे रंगत नसेल. महाबळेश्वरला मुसळधार पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर. असं का, हे कळायला सह्याद्री मध्ये कसा आडवा उभा आहे ते दाखवावं लागतं. ढग पश्चिमेकडून चढतात, डोंगरावर रिकामे होतात आणि पलीकडे कोरडे जातात. मी टेबलावर पुस्तकांचा डोंगर करून फवारणीच्या बाटलीनं पाणी मारते. पुस्तकांच्या पलीकडचा रुमाल कोरडा राहतो. तो रुमाल हातात धरून माणमधल्या म्हसवडला मामा असलेला मुलगा म्हणाला, "म्हणून मामाकडं आंघोळीला एकच बादली." धडा तिथंच झाला.

११. मूल भूकंपाला घाबरलंय. शाळेत हे शिकवायची गरज आहे का?

आपल्या जिल्ह्यात तरी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला. पाटण भागातल्या घरांत त्याच्या आठवणी अजून आहेत, आणि तिकडे लहान धक्के आजही बसतात. धरणात साठलेल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. मुलांना मी हे एवढ्या खोलात सांगत नाही. हादरा बसला तर बाकाखाली जायचं, डोकं झाकायचं, थांबला की रांगेनं मैदानात यायचं, धावायचं नाही, एवढा सराव घेते. भीती सरावानं कमी होते. घरी कोणी ती पहाट पाहिलेली असेल तर त्यांना बोलू द्या, पण झोपायच्या वेळी नको.

१२. इतिहासात सनावळ्या पाठ करायच्या का?

मोजक्या. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०, प्रतापगडाचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९, राज्याभिषेक ६ जून १६७४, एवढ्या मुलांना आल्या तर मी समाधानी आहे. बाकी वेळ मी "का" वर घालते. जावळी १६५६ मध्ये घेतली म्हणून तीन वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला गाठता आलं. वाई प्रांत अफजलखानाच्या माहितीचा होता, तरीही तो जावळीच्या खोऱ्यात का अडकला? प्रतापगडावर सहल नेली तेव्हा एका मुलानं बुरुजावरून खाली पाहून विचारलं, "एवढ्या झाडीत एवढं मोठं सैन्य वळवणार कसं?" मला याहून चांगलं उत्तर कुठल्या पेपरात मिळालेलं नाही, आणि तो तर प्रश्न होता. चौथीच्या मुलाला जमलं तर एकदा प्रतापगड दाखवाच. जिल्ह्यातलाच आहे.

१३. शिवजयंती दोनदा का? मुलानं पेपरात कुठली तारीख लिहायची?

१९ फेब्रुवारी १६३०. शासनानं मान्य केलेली आणि पुस्तकात असलेली तारीख हीच. तिथीनं तो दिवस फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून काही जण तिथीप्रमाणे दुसऱ्या दिवशी साजरी करतात.

१४. साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली होती. ती महाराजांचीच का? मूल सारखं विचारतं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती उसनी आणली होती. जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात मांडली, तेव्हा मीही वर्ग घेऊन गेले होते. साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती आली आणि तिथून इंग्लंडला गेली, अशी त्या संग्रहालयाची नोंद आहे. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत हे पडताळून सांगता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. मुलाला मी तसंच सांगितलं. महाराजांनी वाघनखं वापरली ही गोष्ट वेगळी आणि काचेतली वस्तू कुठली हा प्रश्न वेगळा. चौथीचं मूल हा फरक समजू शकतं, त्याला नाराज होईल म्हणून अर्धवट सांगू नका.

१५. सातारा राजधानी होती ना? मग पुस्तकात अजिंक्यतारा, शाहू महाराज का नाहीत?

चौथीचं पुस्तक शिवछत्रपतींच्या काळाचं आहे. सातारा शाहू महाराजांची राजधानी झाली ती नंतर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तो भाग पुढच्या इयत्तांत येतो. पण मूल रोज अजिंक्यतारा पाहत मोठं होतं, म्हणून आम्ही गडावर जातो, पेपरात विचारणार नाही असं सांगून. ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनाचंही तसंच आहे. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश घेतला. नायगावच्या सावित्रीबाई आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या. विद्यार्थी दिनाला आणि सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही पुस्तक बाजूला ठेवतो.

१६. इंग्रजी माध्यमातली मुलं फाडफाड बोलतात. आमच्या मुलांचं काय?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. चौथीत साध्या सूचना समजणं, स्वतःबद्दल पाच-सहा वाक्यं बोलणं, छोटा परिच्छेद वाचून उत्तर देणं, ओळखीच्या शब्दांचं स्पेलिंग अपेक्षित आहे. तुलना करू नका. पाठ केलेली दहा वाक्यं आणि स्वतः जुळवलेलं एक वाक्य यांत मी त्या एका वाक्याला जास्त गुण देते. ज्याचं मराठी पक्कं आहे त्याला इंग्रजी सोपं जातं (प्रश्न ४ पाहा).

१७. प्रगतिपत्रकात "क-१" आलंय. म्हणजे नापास का?

नाही. ५१ ते ६० टक्क्यांना क-१. ९१ च्या पुढे अ-१, आणि तिथून दहा-दहानं खाली अ-२, ब-१, ब-२ अशी उतरंड आहे. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकाम, छोटी चाचणी. संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला ४०. म्हणून प्रकल्प तुम्ही करून देऊ नका. थर्माकोलचा विकत आणलेला किल्ला मला लगेच ओळखू येतो, आणि मातीचा वाकडा किल्ला जास्त गुण घेऊन जातो.

चौथीत मुलाला त्याच वर्गात ठेवत नाहीत. पाचवीला मात्र आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालं तर पुन्हा संधी मिळते, आणि तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात राहावं लागतं. म्हणून चौथीचं कच्चं चौथीतच भरून काढलेलं बरं.

१८. शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक शाळा : यातलं चौथीला काय?

शिष्यवृत्ती. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि आता शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे. भाषा-गणिताचा एक आणि इंग्रजी-बुद्धिमत्तेचा एक, असे दोन पेपर. नवोदयची परीक्षा पाचवीत देतात. साताऱ्याची सैनिक शाळा, १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली, तिथंही प्रवेश सहावीला. आत्ताच नवोदय-सैनिक शाळेच्या क्लासला पाठवू नका. संध्याकाळचं खेळणं बंद झालेलं मूल माझ्या वर्गात सकाळी पेंगतं.

१९. आम्ही शाळा शिकलेलो नाही. अभ्यास कसा घेणार?

वर ज्या ज्या ठिकाणी घरचा शब्द, भाकरी, गुंठा, डेअरी आली, तिथं शिकवणारे तुम्हीच आहात. वही उघडून बसू नका. मुलाला पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायला लावा आणि "मला सांग, यात काय आहे" म्हणा. तुम्हाला खरंच माहीत नाही हे मुलाला कळतं, आणि मग ते मन लावून समजावतं. माझ्या वर्गात सर्वांत नीट सांगता येणाऱ्या मुलींपैकी एकीची आई सही ऐवजी अंगठा देते. ती रोज रात्री भांडी घासताना लेकीचा धडा ऐकते.

२०. आम्ही ऊसतोडीला आलोय. मूल गावच्या शाळेत चौथीला होतं, दाखला आणलेला नाही. घेता का?

घेतो, आणि लगेच घेतो. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. वयाप्रमाणे वर्ग मिळतो, कागदपत्रं मागाहून. गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर सोबत आणा, त्यावरून मुलाचं कुठवर झालंय ते कळतं. नसेल तर मी पहिले दोन दिवस मुलाशी नुसती बोलते आणि त्याचं कुठवर झालंय ते त्यावरून ओळखते.

पुस्तकं शाळेत शिल्लक असतील त्यातून देतो. पोषण आहार पहिल्या दिवसापासून मिळतो. ज्या धड्यांना ते मूल नव्हतं ते सगळे भरून काढणं होत नाही, म्हणून मी वाचन आणि चार क्रिया एवढंच धरते (प्रश्न ७ मधली नोटांची रीत इथं फार उपयोगी पडते). आणि त्याच्या गावाकडचे शब्द फळ्यावर तिसऱ्या रकान्यात जातात (पहिले दोन रकाने प्रश्न ५ मध्ये पाहा). तोडणी संपली आणि निघायची तारीख कळली की आठ दिवस आधी सांगा, म्हणजे मुलाचं कार्ड आणि वह्या तयार ठेवता येतील. फडावरून शाळा लांब पडत असेल तर टोळीच्या मुकादमामार्फत निरोप पाठवला तरी चालेल, आम्ही मुलाला न्यायला येऊ.